पाहुण्यांकडून कळलं

१५ डिसेंबर, सोमवार

आज एकेचाळीस मेल गेले. सगळे हातानं. यादीतलं नाव बघायचं, गाव बघायचं, नमुन्यातलं जुनं नाव खोडून नवं घालायचं, पाठवायचं. तिसाव्याला चुकले. बार्शीच्या माणसाला 'आपल्या लातूरच्या पेठेत' असं लिहून बसले. तो रागावला असता तरी बरं झालं असतं, निदान उत्तर आलं असतं.

उत्तर एकाचंही नाही.

अश्विनी म्हणाली, "टीचर, एकेचाळीस म्हंजे काहीच न्हाई. चारशे पायजेत. रोज." अश्विनी म्हणजे अप्पांची सून. कलबुर्गीची, एम.बी.ए. झालेली. डाळमिल अप्पांची, पण विक्री आता तिच्याकडे. यापुढे नुसतं अ. लिहीन, बोटं दुखतात.

बावीस वर्षं इथं चिटगुप्प्यात शाळेत मराठी शिकवलं. शाळा बंद पडली तेव्हा अप्पा म्हणाले, मिलमध्ये बसा, पत्रव्यवहार बघा. पत्रव्यवहार म्हणजे हैदराबादच्या एका व्यापाऱ्याला महिन्यातून चार पत्रं. तो आता दुसरीकडून डाळ घेतो. नवी तूर यायला लागली आणि डाळ घ्यायला कुणी नाही. डाळ निवडणाऱ्या पंधरा बायका एक दिवसाआड येतात. लवकर गिऱ्हाईक मिळालं नाही तर तेही बंद, असं अप्पा फोनवर कुणाला तरी सांगत होते. दार उघडं होतं.

१७ डिसेंबर, बुधवार

अ.नं सॉफ्टवेअर घेतलं. आता हातानं लिहायचं नाही, यादी चढवायची, तेच एकेकाला पाठवतं. तीन नवे मेलपत्ते काढले. एक माझ्या नावाचा, एक रवी, एक प्रिया.

मी विचारलं, रवी कोण?

"कुणीच न्हाई टीचर. गड्याच्या नावानं मेल गेला की लोक उघडतेत."

बरं. म्हणजे सुलोचना नावाची बाई जिवंत आहे, तिचा मेल उघडायचा नाही. रवी जन्मलाच नाही, त्याचा उघडायचा.

नवे पत्ते लगेच वापरायचे नसतात म्हणे. एकदम शेकडो मेल गेले तर समोरचं यंत्र भामटा समजून अडवतं. म्हणून आधी पत्ते 'गरम' करायचे. म्हणजे काय, तर ते आपापसांत पत्रं लिहितात. रवीनं प्रियाला विचारलं, कालची मीटिंग कशी झाली. प्रिया म्हणाली, छान झाली. दिवसभर हे चालू. आमच्या घरात सुद्धा इतकं बोलणं होत नाही.

१९ डिसेंबर, शुक्रवार. वेळ अमावास्या

सुट्टी. शेताची पूजा करून तिथंच जेवायचा सण, म्हणून अप्पांच्या शेतावर सगळा मिलचा गोतावळा. आंबील दोन तांबे प्याले, डाळी-भाज्यांची भज्जी जास्तच खाल्ली. कडब्याच्या खोपीत सावलीला बसले होते, तिथं अप्पा आले.

"टीचर, तुमच्या मेलला जवाब कामून यीना?"

मी म्हटलं, ओळख ना पाळख, कोण उत्तर देणार.

"तेच की! वळखीबिगर माल कोण घेतंय? मी पंचवीस वर्साचा असताना अफजलपूरला तूर घ्यायला जायचो. एक माणूस वळखीचा न्हाई. दुकानात पाऊल टाकलं की म्हणायचं, पाव्हण्यांनी तुमचं नाव सांगितलंय. बस्स. बसा म्हणायचे, पाणी द्यायचे."

"आणि कुठले पाहुणे विचारलं तर?"

"कुणी इचारत न्हाई. पाव्हणे सगळ्यालाच असतेत."

सगळे हसले. मीही हसले. खरंतर मला पटलंच. आपल्याकडे रस्त्यावरच्या अनोळखी माणसालाही पाहुणे म्हणूनच हाक मारतात. अ.नं लगेच मोबाइलमध्ये टिपून घेतलं.

२२ डिसेंबर, सोमवार

महाराष्ट्रातल्या यादीचा मराठी नमुना मी नव्यानं लिहिला. पहिलं वाक्य: 'आपलं नाव आमच्या पाहुण्यांकडून कळलं.' त्याखाली डाळ, प्रत, पोती, गाडीभाडं वगैरे. सही रवीची.

तीन दिवसांनी जाणारं दुसरं पत्रही लिहून ठेवलं. उत्तर आलं नाही तर ते आपोआप जातं. त्यात घातलं: 'पाहुण्यांनी पुन्हा आपली आवर्जून आठवण काढली, म्हणून लिहीत आहे.' वाक्य चांगलं उतरलं. दोनदा वाचलं. अ. म्हणाली, "टीचर, एकदम घरचं वाटायलंय." मला बरं वाटलं. इतक्या दिवसांनी माझ्या मराठीला कुणीतरी चांगलं म्हटलं.

२४ डिसेंबर, बुधवार

दोनशे गेले. नऊ उत्तरं! अ. खुर्चीतून उठून उभी राहिली.

नऊपैकी तीन 'बघू'. यंत्रानं तिन्ही हिरव्या रंगात टाकले, इच्छुक म्हणून. मी सांगितलं, बघू म्हणजे नाही.

"टीचर, त्याला मराठी येतंय."

"मराठी येत असेल. बघू येत नाही. तुमचं कन्नडातलं नोडोणा कसं, तसं."

तिला लगेच कळलं. लग्नाच्या वेळी तिच्या वडिलांना कितीजण नोडोणा म्हणून गेले होते, ते सांगत बसली. मग तिघांना लाल केलं.

पाचजणांनी विचारलं, कुठले पाहुणे? अप्पा म्हणाले होते कुणी विचारत नाही. तोंडानं विचारत नसतील, लिहून विचारतात. अ.नं ठरवून टाकलं, 'बिदरकडचे' असं उत्तर द्यायचं. बिदरकडे कुणाचे तरी कुणी असणारच.

मी पाचही वेळा लिहिलं, बिदरकडचे.

२९ डिसेंबर, सोमवार

रोज तीनशे. मान धरली आहे. यादी कुठून कुठून गोळा केलेली, तीत कोण असेल सांगता येत नाही. एकानं लिहिलं, आमचं टायरचं दुकान आहे. एका दवाखान्याला तूरडाळ विकायला गेले. एका बाईनं लिहिलं, ते वारले, नाव काढा. काढताना सॉफ्टवेअर कारण विचारतं. चार कारणं दिली आहेत, त्यात वारले नाही. 'रस नाही' वर टिचकी मारली आणि वाईट वाटलं.

घरी आल्यावर हे म्हणाले, "आज किती जणांच्या दारात जाऊन आलीस?" तीनशे म्हटलं. "चहा कुणी दिला?" हसायला आलं नाही, भांडले.

२ जानेवारी, शुक्रवार

बार्शीची ऑर्डर पक्की. इचलकरंजीचीही. दोघांनीही पाहुण्यांना नमस्कार सांगितला आहे.

बायका सोमवारपासून रोज येणार. रेशमाबी निवडायच्या शेडमधून मुद्दाम ऑफिसात आली. "टीचर, तुम क्या लिखे की, हमारा रोजका काम लग गया." माझा हात हातात घेतला. तिचे हात डाळीच्या भुकटीनं पिवळे. माझ्याही हाताला लागलं, तसंच राहू दिलं. आज काम केल्यासारखं वाटलं.

५ जानेवारी, सोमवार

हा मेल उतरून ठेवते.

'रवीसाहेब, नमस्कार. दुकानाच्या पत्त्यावर आलेले आपले पत्र पुतण्याने वाचून दाखवले. त्याच्याच मोबाइलवरून हे लिहवून घेत आहे. जत येथे आमचे भुसार मालाचे दुकान आहे. आपल्या बिदर भागात आमची सोयरीक एकच. माझी मुलगी मनीषा कडगंचीला विद्यापीठात शिकायला होती. तिने तिकडच्या कमठाण्याच्या मुलाशी लग्न केले. आमच्या जातीचा नाही. आम्ही संबंध तोडला, त्याला नऊ वर्षे झाली. त्या घराला मी आजवर पाहुणे म्हटलेले नाही. त्यांनी माझे नाव आपणास सांगितले असल्यास काय म्हणून सांगितले, एवढे कळवावे. कळावे, गणपतराव.'

चार वेळा वाचलं.

पाहुणे. आम्ही हाक मारायला वापरतो तो शब्द. त्या माणसाला मात्र पाहुणे म्हणजे एकच घर. लेकीचं. आणि त्यांनी आपलं नाव काढलं, असं त्याला वाटलंय.

'बिदरकडचे' असं उत्तर यंत्रानं तयारच ठेवलं होतं. पाठवलं नाही. अ. दोन दिवस कलबुर्गीला. काय लिहू कळेना. बंद करून घरी आले.

८ जानेवारी, गुरुवार

घोळ झाला.

गणपतरावांनी उत्तर दिलं ते पुतण्याच्या पत्त्यावरून. आपला मेल गेला होता दुकानाच्या पत्त्यावर. म्हणजे यंत्राच्या हिशेबी दुकानानं उत्तर दिलंच नाही. मग त्यानं आज सकाळी दुसरं पत्र पाठवून दिलं. पाहुण्यांनी पुन्हा आपली आवर्जून आठवण काढली. मी लिहिलेलं. जे वाचून मी खूश झाले होते, ते.

मला हे सोमवारीच सुचायला हवं होतं. त्यांचं नाव यादीतून काढायला एक टिचकी पुरे होती. मी काय लिहू, काय लिहू करत बसले.

जेवणाच्या सुट्टीपर्यंत उत्तर. 'पाहुण्यांनी दोनदा आठवण काढली. त्यांचे मन मोठे आहे, माझे तेवढे नव्हते. वीस क्विंटल डाळ पाठवून द्यावी, भाव आपण म्हणाल तो. मनीषाला निरोप द्यावा की, बापाने माल मागवला आहे.'

अ. परत आली होती. तिनं नुसतं वीस क्विंटल वाचलं आणि अप्पांना हाक मारली. अप्पांनी सगळ्यांना चहा सांगितला. चहा येईपर्यंत मी थांबले, मग दोघांना दोन्ही मेल वाचून दाखवले.

अप्पांनी कप खाली ठेवला. मग म्हणाले, "त्या पोरीला हुडका टीचर. ती भेटली, हो म्हणली की झालं. खोटं होतं ते खरं व्हतंय."

अ. म्हणाली, मस्त आयडिया. मलाही तसंच वाटलं. सुटल्यासारखं वाटलं.

११ जानेवारी, रविवार

हे बरोबर आले. बिदरला बस बदलून कमठाणा. पेरूवाल्याला विचारलं, जतची सून कुठं राहते. त्यानं बोट दाखवलं. गावाला अजून ती जतचीच सून.

घर नीटनेटकं. अंगणात सासू तूर बडवत होती. मनीषा शाळेत शिकवते. मीही टीचर म्हटल्यावर आत नेलं. नवरा बाहेरगावी. मी सगळं न सांगता आधी तिला मोबाइलवर मेल दाखवले. घाबरले होते, म्हणून.

तिनं उभ्यानंच वाचले. मग सासूकडं बघून म्हणाली, "आत्ती, तुमी आबांचं नाव कुणाला सांगितलंतासा?"

सासू दारातूनच म्हणाली, "मी कामून सांगू? नऊ वर्सं झाली, त्यांनी आमाला पाव्हणं म्हणलंय का कधी?"

"ह्यांनी सांगितलं असंल?"

"त्येचं तर नावच काढू नको. त्यो जतचं नाव निघालं की जेवणावरनं उठतोय."

मग मनीषानं माझ्याकडं पाहिलं. मला सांगावंच लागलं. पाहुणे कुणी नाहीत. रवी नाही. वाक्य माझं. तीनशे लोकांना रोज जातं.

ओरडेल असं वाटलं होतं. ती खाली बसली आणि मोबाइल पुन्हा वाचायला लागली. 'त्यांचे मन मोठे आहे, माझे तेवढे नव्हते' एवढ्यावर बोट ठेवून बसली. सासू तूर टाकून आत आली, तिनंही विचारलं काय लिवलंय. मनीषानं वाचून दाखवलं. सासू चहा टाकायला गेली.

मी म्हटलं, तू हो म्हण. आमच्या पाहुण्यांनीच सांगितलं असं कळव. वडील तयार आहेत. बाकी कुणाला कळायचंही नाही.

"न्हाई टीचर. खोट्यावर आलेला बाप मला नगो. उद्या हितं येऊन बसतील, आत्तींचे हात धरतील, तुमी मोठ्या मनाच्या म्हणतील. आत्ती काय म्हणतील तवा? खरं हाय ते कळवा त्यास्नी. त्येच्यानंतर बी इचारलं, तर मी हितंच हाय."

"आणि नाही विचारलं तर?"

"नऊ वर्सं न्हाईच इचारलेलं."

माझा नंबर घेतला. बसमध्ये हे म्हणाले, पोरगी खमकी आहे. मी खिडकीकडं तोंड करून बसले. माझी मलाच लाज वाटत होती. खोटं खरं करून घ्यायला गेले होते, टीचर म्हणवून घेत.

१३ जानेवारी, मंगळवार

गाडी परवा भरायची. पोती शिवून तयार.

अ.: "टीचर, माल उतरू द्या. मग सांगा काय सांगायचं ते. दोन दिवसांनी काय बिघडायलंय?"

मी: माल घेतल्यावर सांगितलं तर त्यांना वाटेल मालासाठीच केलं.

"मालासाठीच केलंय की!"

खरं आहे तिचं. तिच्याशी भांडताना नेहमी असं होतं, ती खरं बोलून टाकते.

अप्पा: "टीचर, पंधरा बायका हायत." एवढंच. पाच तारखेला मेल आला तेव्हाच लिहिलं असतं तर एवढं वाढलंच नसतं.

पत्राचे पाच कच्चे मसुदे. पहिल्यात मी स्वतःला फार दोष दिलाय, वाचणाऱ्यालाच माझी समजूत काढावी लागेल. दुसऱ्यात यंत्राला. तिसरा अगदीच शाळेतला, विनंतीपत्र. चौथा, पाचवा फाडले.

डोकं चालेना. उद्या संक्रांत, तीळ भाजायचे राहिलेत.

१५ जानेवारी, गुरुवार

पाठवलं. सकाळी नऊ वाजता, गाडी यायच्या आधी, माझ्या स्वतःच्या पत्त्यावरून. पुतण्याला आणि दुकानाला, दोन्हीकडे.

'गणपतराव, रवी नावाचा माणूस आमच्याकडे नाही. हे सुलोचना लिहिते आहे. पाहुण्यांनी आपलं नाव सांगितलेलं नाही. ते वाक्य मी लिहिलं होतं आणि सगळ्यांनाच जात होतं. दुसरं पत्र यंत्रानं पाठवलं, तेही माझंच. माझ्या लिहिण्यानं आपल्याला जे वाटलं, ते खरं नव्हतं. क्षमा मागते. मनीषाला मी रविवारी तिच्या घरी भेटले. आपली पत्रं तिनं वाचली. ती म्हणाली, खरं कळल्यानंतरही विचारलं तर मी इथंच आहे. मालाची ऑर्डर रद्द करायची असल्यास आमची काही तक्रार नाही.'

शेवटचं वाक्य लिहायचा मला अधिकार नव्हता. तरी लिहिलं.

मग अप्पांना जाऊन सांगितलं. ते गाडी भरायला सांगत होते. माझं ऐकलं, हमालांकडं बघितलं, म्हणाले, "थांबवा. जवाब यऊ द्या." माझ्यावर ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं.

नमुन्यातलं पाहुण्यांचं वाक्य काढून टाकलं. दोन्ही पत्रांतून.

१६ जानेवारी, शुक्रवार

अ.नं वाक्य परत घातलंय. मी काढलं. दुपारी परत होतं. बोलत नाही माझ्याशी.

दीड वाजता मनीषाचा फोन, तिच्या शाळेच्या मधल्या सुट्टीत. "आलं का?" नाही म्हटलं. "बरं." ठेवला.

१९ जानेवारी, सोमवार

जतहून काही नाही. पोती शेडमध्ये तशीच. येता-जाता सगळे बघतात. मी दुसऱ्या दारानं जाते.

अ.शी शेवटी भांडण झालंच. "टीचर, तुमचं एक वाक्य मिल चालवायलंय आणि तुमीच ते काढायलाव!"

अप्पा आले. दोघींचं ऐकून घेतलं. मग अ.ला म्हणाले, "ती माझी बोली होती बाळा. तोंडानं म्हणायची. म्होरं माणूस असतंय, त्येला कळतंय की हे बोलायचं म्हणून बोलायलाय. कागदावर तसं नसतंय." आणि स्क्रीनकडं बोट करून: "काढा ते."

अ. ते काढून गेली. मी जिंकले असं वाटायला हवं होतं. नुसतं दमल्यासारखं वाटलं.

दीड वाजता फोन. "आलं का?" नाही.

२३ जानेवारी, शुक्रवार

रोज तीनशे जातात. उत्तरं एक, दोन. काल शून्य. आज एक: 'बघू.' मी न विचारता लाल केलं.

नव्या नमुन्यात मी लिहिलंय, 'आपली ओळख नाही. तरी लिहीत आहे.' अ. म्हणाली, असं कोण लिहितंय. तिचंही बरोबर आहे. पण काढलं नाही तिनं.

बार्शीवाल्यानं फोनवर पुन्हा पाहुण्यांची चौकशी केली. त्यालाही खरं सांगायला हवं. आज नाही सांगितलं. एका आठवड्यात किती जणांना खरं सांगणार.

उद्यापासून बायका परत एक दिवसाआड. रेशमाबी जाताना दारात थांबली. "टीचर, कल आना नक्को ना?" नको म्हटलं. "परसों?" परवा रविवार, सोमवारी ये म्हटलं. ती काही वाईट बोलली नाही. तिला यातलं काही माहीत नाही, त्याचाच मला त्रास होतो.

हे म्हणतात, सोड नोकरी. सोडून करू काय.

मनीषाचा फोन आला नाही आज. दीडपासून मोबाइल समोर ठेवून बसले होते. अडीचला मीच केला. उचलला, म्हणाली, "आता रोज न्हाई इचारणार टीचर. आलं तर तुमीच सांगा." बरं म्हटलं. मागं पोरांचा पाढ्यांचा आवाज.

२७ जानेवारी, मंगळवार

सकाळी आलं. पुतण्याच्या पत्त्यावरून, माझ्या नावानं. सुलोचनाताई असं लिहिलंय. डाळीचा उल्लेख नाही. क्षमेचा नाही. पाहुण्यांचा नाही.

'आपण मुलीस समक्ष पाहिले आहे, म्हणून विचारतो. तिच्या केसांत पांढरे आले आहे का? तिच्या आईचे फार लवकर पिकले होते. आणि ती चालताना डावा पाय टाकताना अजून जपते का? लहानपणी मोडला होता.'

एवढंच. खाली नाव.

मला आठवेना. अर्धा तास तिच्यासमोर बसले होते. तिचं बोट आठवतं, मेलवर ठेवलेलं. सासूचे भुसा लागलेले हात आठवतात. केस आठवत नाहीत. डोक्यावर पदर होता की ओढणी, तेही नाही. चालली होती का ती माझ्यासमोर? मी माझ्या लाजेत बसले होते, तिच्याकडं पाहिलंच नाही. ह्यांना फोन केला, त्यांनाही सांगता येईना.

अप्पांनी विचारलं, काय लिवलंय, माल? मी मेल त्यांच्यापुढे धरला. वाचून झाल्यावर त्यांनी डोळ्यांचा चष्मा काढून खिशात ठेवला आणि शेडकडं गेले. अ. माझ्या खुर्चीमागं उभी राहून वाचत होती. यंत्रानं हा मेल कुठल्याच रंगात टाकला नव्हता. तिनंही टाकला नाही.

दीडपर्यंत थांबले. फोन केला. म्हटलं, आलंय.

"काय म्हणायलेत?"

वाचून दाखवलं. दोनच प्रश्न, वाचायला किती वेळ लागतो. फोन चालू होता, पोरं खेळत होती, कुणीतरी मॅडम मॅडम करत होतं.

मी म्हटलं, मनीषा, काय लिहू त्यांना?

"थांबा टीचर," म्हणाली. "जरा थांबा."

फोन ठेवला नाही तिनं. मीही नाही. बऱ्याच वेळानं तिकडं घंटा झाली.